झाडोऱ्यातला बास आणि दोरीचा हिशेब

पाच पौंडांचा मासा धरायला पासष्ट पौंडांची दोरी कशाला? अमेरिकेतल्या मासेमारीच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणारा जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. लार्जमाउथ बास हा काही अजस्र मासा नव्हे. त्याचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा. जॉर्ज पेरी यांनी २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकमध्ये तो मासा धरला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. त्यांचा मासा किंचित जड होता, पण या वजनगटात विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांची नावे आजही शेजारी शेजारी लिहिली जातात. म्हणजे साऱ्या जगातला मोठ्यात मोठा बाससुद्धा दहा किलोंच्या घरातला. टेक्सासचा राज्यविक्रम १८.१८ पौंडांचा आहे. लेक फोर्कवर जानेवारी १९९२ मध्ये लागलेला हा मासा तर क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी खोल पाण्यात सोडलेल्या जिवंत मासोळीला आला होता.

मग पासष्ट पौंड कुठून आले? उत्तर माशात शोधले तर सापडत नाही. मासा आणि आपण यांच्या मधे जे काही उभे आहे, त्यात ते आहे. बास हा दबा धरून बसणारा मासा. त्याला सावली हवी, आडोसा हवा आणि जवळून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालता येईल अशी फट हवी. कमळाच्या पानांखाली, लव्हाळ्यांच्या आणि पाणकणसांच्या दाटीत, पाण्यात कोसळलेल्या झाडाच्या फांद्यांत, बोटींच्या धक्क्याखालच्या खांबांआड तो असतो. गळ रुतला की तो मोकळ्या पाण्याकडे पळत नाही, आत शिरतो. दोन-तीन देठांना वळसा घालतो, फांदीखालून जातो. त्या क्षणी दोरीवर माशाच्या वजनाबरोबर ओल्या वनस्पतींचे ओझे येते, घासणे येते, वळणावरचा ताण येतो आणि आपण दिलेला हिसकाही येतो.

यातली एक वनस्पती मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात पाणवनस्पती ठेवून, वर उलटे नरसाळे आणि परीक्षानळी लावून प्राणवायूचे बुडबुडे मोजायचा प्रयोग अनेकांनी केला असेल. त्यातली ती हायड्रिला. १९५० च्या दशकात ती शोभेच्या माशांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोहोचली. दक्षिणेकडच्या राज्यांत पसरलेला तिचा मुख्य प्रकार मूळचा भारतीय उपखंडाकडचाच. आज टेक्सासमधल्या सॅम रेबर्नपासून अलाबामातल्या गंटर्सव्हिलपर्यंत बासच्या मोठ्या जलाशयांवर हायड्रिलाचे नाव ऐकू येते. तिच्या सोबतीला जलपर्णी आहेच, जी पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या नद्यांत आपण पाहतो आणि जी दक्षिण अमेरिकेतून साऱ्या जगात गेली. फ्लोरिडाचे लेक ओकिचोबी सुमारे ७३० चौरस मैलांचे, पण सरासरी खोली जेमतेम नऊ फूट. एवढ्या उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते आणि काठाकाठाने मैलोन्‌मैल हिरवे रान माजते. या रानाचा वरचा थर वाऱ्याने एकत्र दाबला गेला की पाण्यावर अक्षरशः छप्पर तयार होते. त्याच्यावर बगळे चालतात.

हा झाडोरा कायम तसाच राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. ह्यूस्टनच्या उत्तरेला लेक कॉनरोवर १९८० च्या दशकाच्या आरंभी हायड्रिला काबूत आणायला गवत्या मासे, म्हणजे ग्रास कार्प, मोठ्या संख्येने सोडले आणि काही वर्षांतच तिथले पाणगवत नाहीसे झाले. कुठे औषध फवारतात, कुठे दुष्काळात काठ उघडे पडतात. ज्या पाण्यावर काल गवतातून मासा ओढायचा होता, तिथे आज धक्क्याचे खांब आणि बुडालेली खोडेच उरतात. कालची दोरी अशा ठिकाणी उपयोगी पडेलच असे नाही.

आता दोऱ्यांकडे वळू. पेरी यांच्या काळात दोरी असे ती रेशमाची, सुताची किंवा अंबाडीसारख्या धाग्याची. मासेमारी आटोपली की ती रिळावरून उलगडून वाळत घालावी लागे, नाहीतर कुजे. ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन तयार केले, १९३८ मध्ये ते जगापुढे आले, आणि मग एकसंध नायलॉन तंतूने जुन्या दोऱ्या हळूहळू बाजूला सारल्या. १९५८ मध्ये ड्यूपाँटनेच स्ट्रेन ही मऊ, एकसारख्या जाडीची दोरी बाजारात आणली आणि घरोघरचा हौशी मासेमार नायलॉनवाला झाला. कोकणात आपण ज्याला तंगूस म्हणतो ते हेच. १९७१ मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लुरोकार्बनची दोरी आणली, तिचे सीगार हे नाव आजही दुकानात पहिल्या फळीवर असते. तिसरी दोरी विणलेली. तिचा धागा म्हणजे अतिशय लांब साखळ्यांचे पॉलिएथिलीन. हॉलंडमध्ये डीएसएमने डायनीमा या नावाने आणि अमेरिकेत अलाइडने स्पेक्ट्रा या नावाने ते बाजारात आणले. गोळी अडवणाऱ्या जाकिटांत आणि जहाजांच्या दोरखंडांतही हाच धागा असतो. १९९० च्या दशकात तो गळाच्या दोरीत आला आणि झाडोऱ्यातल्या मासेमारीचे गणितच बदलले.

तिन्ही दोऱ्यांचे गुण एकमेकांना छेद देणारे आहेत. नायलॉनची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, सुमारे १.१४, म्हणून ते सावकाश बुडते. फ्लुरोकार्बन १.७८ च्या आसपास, ते झपकन तळाला जाते. विणलेली दोरी ०.९७, ती तरंगते. नायलॉन पाणी पिते आणि ओले झाल्यावर त्याची थोडी ताकद जाते. उन्हातही ते खराब होते. फ्लुरोकार्बन पाणी पीत नाही, उन्हालाही दाद देत नाही, पण ताठ असते आणि रिळावरची वेटोळी लक्षात ठेवते. विणलेल्या दोरीला ना पाण्याची बाधा, ना वेटोळ्यांची, पण ती इतकी निसरडी असते की साध्या गाठी तिच्यात आपोआप सुटतात.

खरा फरक मात्र ताणात आहे, आणि इथेच बहुतेकांचे घोडे पेंड खाते. तुटायच्या आधी नायलॉन वीस-तीस टक्के लांबते, विणलेली दोरी तीन-चार टक्के. पोकळ रबरी बेडूक कमळाच्या पानांवरून ओढत आणताना बास पंचवीस मीटरवर झडप घालतो असे धरा. आपण रॉड मागे खेचतो, तेव्हा त्याचे टोक फार तर दोन-तीन मीटर मागे येते. त्या ओढीत नायलॉन दहा टक्के जरी ताणले, तरी अडीच मीटर तिथेच खर्ची पडले. बेडकाच्या पाठीला चिकटलेली जाड गळाची टोके माशाच्या टाळूत शिरायला काही उरतच नाही. विणलेली दोरी त्याच ओढीत हातभरही लांबत नाही. आता हाच हिशेब पाच मीटरवर करा, म्हणजे बोटीच्या पुढ्यातच एखाद्या खोडाच्या बुंध्याशी आमिष सोडले असेल तेव्हाचा. तिथे दहा टक्के म्हणजे अर्धा मीटर, तो रॉडच्या एका झटक्यात सहज भरून निघतो. म्हणून लांबच्या मासेमारीत जी दोरी निरुपयोगी, ती जवळच्या मासेमारीत उत्तम ठरू शकते. दोरीबद्दलच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक अनेकदा खरेच बोलत असतात, फक्त एक पंचवीस मीटरवरचे आणि दुसरा पाच मीटरवरचे सांगत असतो.

तर पहिला निकाल: मऊ, हिरव्या, वाढत्या झाडोऱ्यात विणलेली दोरी. याला मला तरी अपवाद दिसत नाही. ताण पडला की ही बारीक, न ताणणारी दोरी कमळाचे देठ आणि हायड्रिलाच्या काड्या, दोऱ्याने उकडलेले अंडे कापावे तशा, कापत जाते. जाड फ्लुरोकार्बन तिथे कापत नाही, गुंडाळले जाते आणि बघता बघता गवताचा भारा बांधून बसते. रबरी बेडकासाठी पन्नास ते पासष्ट पौंडांची दोरी हे सर्वमान्य माप आहे. ती तरंगते, हा इथे बोनस. बुडणारी दोरी बेडकाचे नाक खाली ओढते.

पंचिंग हा प्रकार तर विणलेल्या दोरीशिवाय झालाच नसता. वाऱ्याने दाबून बसलेल्या त्या हिरव्या छपरात भोक पाडून आमिष खाली पोचवायचे असते. त्यासाठी एक ते दोन औंसांचे टंगस्टनचे वजन लागते. शिशापेक्षा टंगस्टन बरेच घन, म्हणून त्याच वजनाची गोळी लहान होते आणि छपरात चटकन घुसते. वजनाच्या वर दोरीवर एक रबरी मणी ओवतात, म्हणजे वजन आमिषापासून दूर सरकत नाही. खाली सरळ दांड्याचा जाड गळ असतो. त्याला गाठ मारताना दोरी नेढ्यातून पुढच्या बाजूने आत घेऊन दांड्याभोवती वेढे देतात. अशा गाठीने बांधलेला गळ ओढ बसताच बाहेरच्या बाजूला उसळी घेतो आणि माशाच्या वरच्या ओठात रुततो. आमिष छपरावर पडते, क्षणभर अडते, मग वजनाने वाट काढून सुळकन खाली जाते. दोरी सैल झाली की तळ आला. एकदा वर, एकदा खाली, फार तर दोनदा. चाहूल बहुतेक वेळा धक्क्याची नसतेच. दोरी नुसती जड लागते, नाहीतर आडवी सरकू लागते. तेव्हा रॉड सरळ वर. ओढायची दिशा उभी हवी, कारण आडवे ओढले की मासा छपराखालच्या साऱ्या काड्यांतून फरपटत येतो. वर येतो तो मासा दिसतही नाही. हिरव्या गवताचा एक मोठा गोळा येतो, त्यातून पाणी गळत असते आणि आत कुठेतरी शेपटी हलत असते. पासष्ट ते ऐंशी पौंडांच्या दोरीचा अर्थ त्या गोळ्याकडे पाहिल्यावर कळतो.

इथे एक शंका येते. बास धरायच्या साध्या रिळाची पकड सहसा दहा ते पंचवीस पौंडांची. त्यापुढे ती घसरते. मग दोरीचे उरलेले चाळीस पौंड कुठे जातात? ते वाया जात नाहीत. थोडी ताकद गाठीत जाते, थोडी घासून झिजते, आणि हिसका बसतो तेव्हा ताण क्षणभर पकडीच्याही वर जातो. शिवाय बारीक विणलेली दोरी जोराच्या ओढीने रिळावरच्या खालच्या वेढ्यांत रुतून बसते आणि पुढच्या फेकीला अडकते. तीस पौंडांची दोरी मासा पेलेल, पण तशी रुतण्याची खोड तिला फार. पासष्टची दोरी जाड असते म्हणून रुतत नाही. रुतलीच, तर पुढच्या भागातली दोरी बाहेर सोडून ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून पुन्हा कसून गुंडाळावी.

आता लाकूड. बुडालेली झाडे, खोडे, मुळ्या. इथे चित्र पालटते. पाण्यात भिजून मऊ झालेल्या सालीत ताणलेली विणलेली दोरी करवतीसारखी खाच पाडते आणि त्या खाचेतच अडकते. मासा फांदीच्या पलीकडे, आपण अलीकडे, आणि दोरी हलत नाही. फ्लुरोकार्बनचा कठीण, गुळगुळीत तंतू त्याच फांदीवरून घसरत येतो. खडक, काँक्रीट आणि झेब्रा शिंपल्यांची चढलेली पुटे यांच्यापाशी फरक आणखी मोठा. या शिंपल्यांच्या कडा ब्लेडच्या धारेच्या असतात आणि टेक्साससह कितीतरी राज्यांच्या तलावांत त्या पसरल्या आहेत. विणलेली दोरी म्हणजे शेकडो सूक्ष्म तंतूंचा पीळ. ताण असताना धारेवर आली की एकामागून एक तंतू तुटतात आणि ती एकदम सुटते. फ्लुरोकार्बन एकच भरीव तंतू असतो. वरून खरडले तरी गाभा टिकतो आणि आपल्याला एक संधी देतो.

जाडी पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. पासष्ट पौंडांच्या विणलेल्या दोरीची जाडी सुमारे ०.४ मि.मी. वीस पौंडांच्या फ्लुरोकार्बनचीही साधारण तेवढीच. एकाच जाडीच्या दोन दोऱ्या, एकीवरचा आकडा दुसरीच्या तिप्पट, आणि तरी खडकाजवळ कमी आकड्याची दोरी सरस ठरते. डबीवरचे पौंड म्हणजे सरळ, स्वच्छ, गाठीशिवायच्या ओढीचे पौंड. झाडोऱ्यात सरळ, स्वच्छ असे काहीच नसते. दोरी किती ओझे उचलते यापेक्षा ती कशी हार मानते, हे विचारायला हवे. लाकूड-खडकाजवळ वीस ते पंचवीस पौंडांचे फ्लुरोकार्बन, मोकळ्या धक्क्यांजवळ पंधरा-वीस, असा माझा कौल आहे.

लाकडाशी जवळून झुंजण्याची रीत फार जुनी नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या डी थॉमस यांनी तिकडच्या लव्हाळ्यांत लांबलचक काठीने आमिष अलगद सोडण्याची तऱ्हा घासून-पुसून तयार केली. १९७५ मध्ये आर्कान्सामधल्या बुल शोल्सवर बी.ए.एस.एस. या बास मासेमारांच्या संघटनेच्या स्पर्धेत त्यांनी ती वापरून बाजी मारली. लांब काठीवर एवढी कुरबुर झाली की रॉडवर आठ फुटांची मर्यादा आली आणि ती बरीच वर्षे टिकली. फ्लिपिंग या नावाने ती रीत देशभर गेली. त्या काळी हाती जाड नायलॉनच होते. आज फ्लिपिंग म्हटले की जो तो विणलेली दोरी चढवतो, हे मला घाईचे वाटते. खोडांच्या तलावावर जाताना बेडकाच्या रॉडवरची दोरी जशीच्या तशी वापरणे म्हणजे सगळ्यांना एकाच काठीने हाकणे.

नायलॉनचा जमाना संपला का? झाडोऱ्यापुरते बोलायचे तर जवळपास. जाड नायलॉन ताणते, झिजते, उन्हाने कमजोर होते. पण विरळ लव्हाळ्यांत वरच्या पाण्यातले आमिष फिरवायचे असेल, मासा जवळ असेल आणि खिशाला झळ नको असेल, तर सतरा-वीस पौंडांचे नायलॉन अजूनही काम देते. नवख्याने रॉड फेकण्याचा सराव तर नायलॉनवरच करावा. त्याचा गुंता सोडवता येतो. विणलेल्या दोरीचा गुंता बहुधा कापावाच लागतो, आणि फ्लुरोकार्बनच्या गुंत्यात घडी पडली की ती जागा कायमची कमजोर होते. अशी घडी नजरेला दिसली की तिथपर्यंतची दोरी निमूट कापून टाकावी.

माशाला दोरी दिसते का, यावर चर्चेला अंत नाही. फ्लुरोकार्बन पाण्यात अदृश्य होते असे जाहिराती सांगतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे ते पाण्याच्या जास्त जवळ आहे हे खरे, पण ०.४ मि.मी. जाडीचा तंतू नितळ पाण्यात नाहीसा होत नाही. दाट छपराखाली तर प्रश्नच नाही. तिथे उजेड इतका कमी आणि काड्या इतक्या की गडद हिरवी विणलेली दोरी आणखी एक काडी ठरते. नितळ पाणी आणि विरळ आडोसा असेल तेव्हाच हा मुद्दा वजनदार होतो. तिथे काही जण विणलेल्या दोरीच्या पुढे फ्लुरोकार्बनचा हात-दोन हात तुकडा जोडतात. मोकळ्या धक्क्यांजवळ ही युक्ती छान आहे. गवतात मात्र नको. जोडगाठ ही गवताला धरायला दिलेली मूठच ठरते, आणि सर्वांत जास्त ताणाच्या ठिकाणी सर्वांत कमजोर सांधा आपणच बसवलेला असतो.

विणलेल्या दोरीत चार पिळांची घ्यावी की आठ? चार पिळांची खरखरीत, आवाज करणारी, पण गवत कापायला आणि घासणे सोसायला बरी. आठ पिळांची गोल, गुळगुळीत, लांब जाणारी. बेडूक दूर फेकायचा असेल तर आठ, पंचिंगला चार. दोन्हींपैकी कोणतीही घेतली तरी रिळावर आधी थोडे नायलॉन गुंडाळावे, नाहीतर निसरडी दोरी दांड्यावर आख्खी फिरत राहते आणि आपल्याला वाटते रीळच बिघडले. गाठ पालोमार मारावी: दोरी दुहेरी करून नेढ्यातून घ्यायची, साधी गाठ सैल मारायची, फासातून गळ काढायचा आणि ओढायचे. फ्लुरोकार्बनवर कोणतीही गाठ आवळण्याआधी तोंडाच्या ओलाव्याने भिजवावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंतू तिथेच कमजोर होतो, आणि मासा लागल्यावर गाठीपाशी तुटलेल्या दोरीचे टोक गुंडाळलेले, पिळवटलेले दिसते.

प्रत्येक माशानंतर शेवटची दोन-तीन फूट दोरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून ओढून पाहावी. बासचे दात कापणारे नसतात, खरखरीत असतात; त्यांनी, किंवा त्याहून जास्त सालींनी नि शिंपल्यांनी, तंतूवर बारीक ओरखडे येतात. डोळ्यांना न दिसणारा ओरखडा बोटाला लागतो. लागला की कापावे आणि नवी गाठ मारावी. महागडी दोरी घेऊन हे न करणाऱ्यापेक्षा साधी दोरी घेऊन हे करणारा जास्त मासे नावेत घेतो.

एक इशारा कळकळीने. गळ खोडात अडकला की विणलेली दोरी कधीही हाताला गुंडाळून ओढू नका. पासष्ट पौंडांची बारीक दोरी बोट हाडापर्यंत कापते. रॉडनेही ओढू नका, तो मोडतो. एखाद्या लाकडी दांडक्याला चार-पाच वेढे द्या, नाव मागे घ्या, तोंड दुसरीकडे करा. कापायला कात्री ठेवा, दातांनी ही दोरी तुटत नाही.

महाराष्ट्रात बास नाही, पण हाच प्रश्न वेगळ्या माशापाशी उभा राहतो. आपल्या तळ्यांत नि धरणांच्या उथळ फुगवट्यांत जलपर्णीखाली राहणारी मरळ हवा घ्यायला वर येते आणि वनस्पतीत दबा धरते. तिच्यासाठी रबरी बेडूक आणि विणलेली दोरी वापरणाऱ्या हौशी तरुणांची संख्या वाढते आहे. मरळीचे दात बासपेक्षा धारदार असल्याने टोकाकडची दोरी तपासायचा नियम तिथे आणखी कडक पाळावा. भारतात मिळणाऱ्या स्वस्त विणलेल्या दोऱ्यांच्या डबीवरच्या पौंडांवर विसंबू नये, जाडीचे मि.मी. पाहावे. ०.२५ मि.मी.च्या दोरीवर कोणी ऐंशी पौंड छापले असतील तर ते छापलेलेच राहतील.

जाड दोरीला काही जण अन्याय्य मानतात, माशाला संधीच मिळत नाही म्हणतात. मला उलट वाटते. बारीक दोरी झाडोऱ्यात तुटते तेव्हा मासा सुटत नाही. गळ तोंडात, दोरी देठांना गुंडाळलेली, अशा अवस्थेत तो तिथेच अडकून मरू शकतो. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात लांबलेली झुंज सोडून दिलेल्या माशालाही महागात पडते. रे स्कॉट यांच्या बी.ए.एस.एस.ने १९७२ पासून स्पर्धांमध्ये मासे जिवंत परत सोडण्याची प्रथा रुजवली. ती प्रथा मानायची, तर मासा लवकर हाती येईल अशी दोरी हवीच.

राहिला दोरीच्या शेवटाचा प्रश्न. नायलॉन आणि फ्लुरोकार्बनचे जुने तुकडे गोळा करायला फ्लोरिडात आणि इतर राज्यांत धक्क्यांवर पांढऱ्या पीव्हीसी नळ्यांच्या पेट्या लावलेल्या असतात. बर्कली कंपनी १९९० पासून जुने नायलॉन परत घेऊन पुन्हा वापरात आणते. विणलेल्या दोरीला ती सोय नाही, आणि तीच सर्वांत चिवट. तिच्यात अडकलेला बगळा किंवा कासव स्वतःहून सुटत नाही. म्हणून रीळ बदलताना ती दोरी पाण्याकाठी टाकू नका, पेटीतही नका. घरी न्या, वीतभराहून लहान तुकडे करा आणि झाकणाच्या कचरापेटीत टाका.